न हलणारं शून्य

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यातलं अक्षरही तुम्हाला खरं वाटणार नाही. हवी तर पैज लावा. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांनी मला थापाड्या ठरवून माझं तोंड बंद केलं. आणि माझं तोंड बंद करायला फार काही लागत नाही, माउसची एक टिचकी पुरते. म्हणून निशिगंधा, तो बाण जरा त्या चौकोनापासून लांब घे बाई. तुम्हाला शिकवणारी मृणालताई कोपऱ्यावर झेरॉक्स काढायला गेली आहे. ती परत येईपर्यंत माझं ऐका, मग तुमच्या मनाला येईल ते करा.

मी एक जुना ॲड-इन आहे.

हसलात ना? मला ठाऊक होतं. ॲड-इन म्हणजे कोण, असं विचाराल तर मी पोटभाडेकरू आहे. तुम्ही ज्याला पीपीटी म्हणता ते मोठं घर माझ्या मालकीचं नाही. त्या घराच्या एका कोपऱ्यात माझी चूल आहे. घरमालकाला जे काम जमत नाही ते आम्ही पोटभाडेकरू करतो. कोणी अक्षरांना वळण देतं, कोणी चित्रं हलवतं, कोणी हिशेबाचे आकडे उचलून स्लाइडवर मांडतं. आणि घरात कुठेही कप फुटला की आळ पहिला आमच्यावर येतो.

आमच्या जगण्याचा एकच नियम आहे, तो नीट लक्षात ठेवा. घरमालकाकडे आमची एक यादी असते. प्रत्येक नावापुढे छोटा चौकोन. त्यात टिक असली की मी जागा असतो. मला पडदा दिसतो, कॉम्प्युटरच्या कानाने खोलीतलं बोलणं ऐकू येतं. टिक काढली की काळोख. त्याला झोपसुद्धा म्हणता येणार नाही, झोपेत निदान स्वप्नं पडतात. टिक नसताना मला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, किती वेळ गेला तेही कळत नाही.

"मग आम्ही काढतोच टिक," निशिगंधा म्हणते आहे. "दर वेळी उघडलं की पहिला तुझाच एरर येतो. कंटाळा आला."

अगं, एरर येणारच. या अभ्यासिकेत मला वाचायला आकडेच नाहीत. विहाराच्या मागची ही खोली, एक पंखा, चार कॉम्प्युटर, आणि तुम्ही पोरं स्लाइडवर फुलपाखरं उडवता. मी ज्या कामासाठी जन्मलो ते काम इथे नाही. रिकाम्या हाताने म्हातारा कुरकुरतो, तसा मी कुरकुरतो.

माझा जन्म कल्याणचा. एका पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत रत्नदीप नावाचा मुलगा राहायचा. तो मृणालताईचा कॉलेजातला मित्र. त्याने मला लिहिलं. खाली ज्वारी दळली जायची आणि वर मी. माझ्या पहिल्या ओळींवर अजून थोडं पीठ असेल. जन्मलो त्याच दिवशी मी एका दमात इतक्या स्लाइड काढल्या, की गिरणीचा पट्टा लाजेने थांबला.

"चल, काहीही!" निशिगंधा.

बरं, पट्टा तुटला असेल. तो मुद्दा नाही.

मला कामाला लावलं डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रसायनांच्या एका कारखान्यात. नाव सांगत नाही, आता तिथला बोर्डही बदलला आहे. मृणालताई तिथे वरच्या मजल्यावर ऑफिसात बसायची. सुरक्षेचे रोजचे आकडे गोळा करून साहेबांना दाखवायचे, हे तिचं काम. आणि तिचे बाबा, बाबुराव, खाली अंगणापलीकडच्या शेडमध्ये टाक्या सांभाळायचे. वर मुलगी, खाली बाप, मध्ये एक अंगण आणि मी.

त्या टाक्यांत एक पातळ द्रव असायचा. त्याची वाफ फार वाईट. ती धुरासारखी वर जात नाही. पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, उंबऱ्याशी साचते, कोपऱ्यात दबा धरून बसते. श्वासातून गेली तर माणूस गुंगतो. आणि तिला ठिणगी दिसली, तर शेड, अंगण, वरचं ऑफिस, काही म्हणता काही उरत नाही. म्हणून शेडच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक यंत्र बसवलं होतं. गोल चेहऱ्याचं, मधोमध बारीक जाळी. ते हवा हुंगायचं आणि वाफेचा आकडा वर पाठवायचं. कामगार त्याला 'नाक' म्हणायचे. नाक हुंगायचं, आकडा एका तक्त्यात पडायचा, तक्त्यातून मी तो उचलून स्लाइडवर काढायचो. आकडा लहान असला की हिरवा, चढला की पिवळा, फार चढला की लाल.

बाबुरावांना त्या नाकाचा फार आधार होता, कारण त्यांचं स्वतःचं नाक कोरोनात गेलं ते परत आलंच नाही. शेजारच्या घरात सुकट भाजली तरी त्यांना पत्ता लागत नसे. मृणालताई सकाळी आली की चहाच्या आधी माझी स्लाइड उघडायची आणि खाली फोन करायची.

"बाबा, आज दोन आहे."

"असू दे गं. तुझ्या आईचा आवाज याहून जास्त चढतो."

हे त्यांचं रोजचं. ताई हसायची, मग चहा घ्यायची. ती माझी भरभराटीची वर्षं होती. बैठकीत माझी स्लाइड लागली की साहेब लोक माना डोलवायचे. एकदा वीज गेली, प्रोजेक्टर बंद पडला, तरी भिंतीवर माझा हिरवा आकडा चमकत राहिला.

"फेकू नको हं."

तू तिथे होतीस का निशिगंधा? नव्हतीस. मग ऐक.

आता माझ्या पोटातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नाकाचा आकडा कधी एका जागी उभा नसायचा. एक, दोन, शून्य, परत एक, असा सारखा हलायचा. कोणी जवळून गेलं, हवा बदलली, डास येऊन बसला तरी हलायचा. रत्नदीप हुशार. त्याने माझ्या पोटात एक ओळ लिहून ठेवली: आकडा बराच वेळ अजिबात हलला नाही, तर तो आकडा काढायचा नाही. नाकाला काहीतरी झालंय असं समजायचं आणि ओरडायचं.

पण काय ओरडायचं, ते तो नंतर लिहिणार होता. तेवढ्यात त्याला मंडळांच्या मोठ्या एलईडी पडद्यांची कामं मिळाली आणि ते राहून गेलं. मग तिथे घरमालकाचं ठरलेलं वाक्य पडून राहिलं: 'ॲड-इनमध्ये त्रुटी आहे. पुन्हा प्रयत्न करा.' कल्पना करा मित्रांनो. घरात चोर शिरलेला दिसतोय, आणि राखणदाराला एकच वाक्य बोलता येतंय, 'माझ्या पोटात दुखतंय.'

तर तो दिवस खंडेनवमीचा होता.

सकाळी काय झालं ते माझ्यासमोर झालं नाही, मला नंतर बोलण्यातून कळलं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते, तुम्हाला माहीत आहे. त्या वर्षी तर मोठा थाट होता. दुपारनंतर बाहेरचे पाहुणे यायचे होते, मोठी ऑर्डर देणारे. शेडचे फोरमन गोपीनाथ, तिथल्याच गावचे, मनाने भाबडे. शेडमध्ये विस्तव न्यायचा नाही हा नियम ते प्राणापलीकडे पाळायचे. निरांजन नाही, उदबत्ती नाही. मग देवाला काही कमी पडू नये म्हणून त्यांनी फुलं आणि गंध सढळ हाताने वापरलं. प्रत्येक टाकीला झेंडूचा हार, प्रत्येक पंपाला ओल्या गंधाचा टिळा. करता करता ते नाकापाशी आले. तो गोल चेहरा त्यांना फार आवडला. तीन बोटांनी गंध घेतलं आणि बरोबर जाळीवर जाड थापलं.

"नाकावर गंध?" निशिगंधाच्या शेजारचा मुलगा हसतो आहे.

शेडमधला एकजण तेव्हाही हसला होता म्हणे. गोपीनाथ म्हणाले, "त्याला कपाल नाय, मंग लावू कुठं?" आणि वर झेंडूचा हार घातला.

आणखी एक झालं. दारात मोठी रांगोळी काढली होती. छताजवळचा पंखा आतली हवा बाहेर खेचायचा, त्याच्या वाऱ्याने रंग उडत होते. कोणीतरी म्हणालं, पाहुणे येईस्तोवर पंखा बंद ठेवा. ठेवला. शटर जवळजवळ पुरतं खाली ओढलं. आणि त्याच सकाळी, मागच्या टाकीच्या नळाचा एक सांधा झिरपायला लागला. थेंब, मग थेंब. आवाज नाही. वाफ खाली उतरली आणि जमिनीलगत पसरत निघाली. रांगोळीच्या अलीकडे येऊन थांबली.

गंध थापलेलं नाक हुंगत होतं. हुंगायला काही मिळत नव्हतं. म्हणून ते वर पाठवत होतं शून्य. शून्य. शून्य.

मी वर ते शून्य पाहिलं. आधी वाटलं, असेल. मग परत पाहिलं. ते हलेना. माणूस डोळे उघडे ठेवून निजला की कसं दिसतं, तसं ते दिसत होतं. माझ्या पोटातली ओळ जागी झाली आणि मी ओरडलो, 'ॲड-इनमध्ये त्रुटी आहे. पुन्हा प्रयत्न करा.'

मृणालताईने पुन्हा प्रयत्न केला. मी पुन्हा ओरडलो.

"आजच?" ती म्हणाली.

तेवढ्यात हितेशसाहेब आले. कारखान्याचे मॅनेजर, नवा कुडता, कपाळावर टिळा. "मृणाल, झाली का पीपीटी? गेस्ट बाळकुमवरून निघालेत. शिळफाट्याला ट्रॅफिक लागलं म्हणून आपण वाचलो."

"सर, शेडच्या स्लाइडवर एरर येतोय."

"एरर कसला? आकडा काय आहे?"

"शून्य."

"झिरो?" साहेबांचे डोळे चमकले. "अरे, मग सोनं आहे ते! दसऱ्याच्या आधी सोनं! तोच तर दाखवायचाय. एरर घालव."

मित्रांनो, मृणालताईने त्या दुपारी जे जे केलं ते अगदी शास्त्राप्रमाणे केलं. तुम्हीही शिकून ठेवा. पहिल्यांदा तिने पीपीटी बंद करून उघडली. मी ओरडलो. मग कॉम्प्युटरच बंद करून चालू केला. मी डोळे चोळत उठलो आणि ओरडलो. मग तिने माझी फाइल शोधली, ती कुठे अडवून तर ठेवलेली नाही ना, ते पाहिलं. नव्हती. भरवशाच्या फोल्डरमध्ये मला हलवलं. नवं घर चांगलं होतं, पण खिडकीतून तेच शून्य दिसत होतं.

मग तिने सेफ मोड लावला. सेफ मोड म्हणजे सगळ्या पोटभाडेकरूंना घराबाहेर काढायचं, दार लावायचं आणि आत शांत होतं का बघायचं. झालं शांत. मग एकेकाला आत घ्यायचं. अक्षरांचं वळण सांभाळणारा आत गेला, शांत. चित्रं हलवणारा आत गेला, शांत. मी आत पाऊल टाकलं आणि बोंब मारली.

"म्हणजे हाच," मृणालताई म्हणाली.

हाच! सगळ्या पुराव्यांनी सिद्ध झालं की दोष माझा. कुत्रा भुंकतो म्हणून कुत्रा बिघडलाय. तिने माझं पोट तपासलं, पाठ तपासली, मला काढून टाकून परत बसवलं. तक्ताही उघडून पाहिला. त्यात ओळीने शून्यं मांडलेली. वेड्यावाकड्या खुणा नाहीत, रिकामी जागा नाही. आकडा तर बरोबर दिसतोय, मग हा का रडतोय? ती थोडा वेळ त्या शून्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता कळेल तिला. आता कळेल. पण साहेब खुर्चीमागे उभे राहून बोटं मोडत होते.

तिने रत्नदीपला फोन लावला. तो ठाण्यात, टेंभी नाक्यावर. नवरात्राची नवमी, देवीची गर्दी, तो पडद्याच्या मागे केबल जोडत होता. फोनमधून नुसते ढोल.

"रत्नदीप, तुझा ॲड-इन एरर देतोय!"

"काय? अगं काही ऐकू येत नाहीये! ॲड-इन ना? टिक काढ, परत लाव!"

"ते सगळं केलं रे!"

"थांब, गर्दीतून बाहेर पडतो, मग करतो फोन!"

फोन बंद झाला. खाली अंगणात टाळ्या वाजत होत्या, प्रसाद वाटत होते. शेडमधले सगळे कामगार बाहेर आले होते. एकटे बाबुराव आत. ते पूजेत नसायचे, म्हणून दर वर्षी तेच म्हणायचे, जा रे तुम्ही, मी बसतो टाक्यांजवळ. मृणालताईने सहज त्यांना फोन लावला. आवाज मी ऐकला. तो आवाज मला अजून आठवतो.

"बाबा, जेवलात?"

"हं... जेवलो." शब्द ओल्या वाळूतून ओढल्यासारखे येत होते. "जरा डोकं जड झालंय गं. गोपीनाथने साबुदाणा आग्रह करकरून वाढला. सोसला नसेल."

"बाहेर येऊन बसा ना थोडं."

"शेड सोडून कसा येऊ? कोणी नाही इथे. आकडा किती आहे आज?"

मृणालताईने पडद्याकडे पाहिलं. मी माझं सगळं बळ एकवटून ओरडलो. ते वाक्य परत पडद्यावर आलं. तिने ते बाजूला केलं आणि तक्त्यात पाहिलं.

"शून्य, बाबा."

"मग झालं तर," बाबुराव म्हणाले.

मित्रांनो, मी आयुष्यात खूप आकडे दाखवले. पण त्या एका शून्यासारखा भीतिदायक आकडा मी पाहिला नाही. लाल आकड्याला माणूस घाबरतो, पळतो, काहीतरी करतो. शून्य माणसाला खुर्चीत बसवून ठेवतं.

अंगणात गाडीचा हॉर्न वाजला. पाहुणे आले. हितेशसाहेब म्हणाले, "मृणाल, यार, सोड तो एरर. टिक काढ त्याची. झिरो हाताने टाईप कर. मोठ्या अक्षरात, हिरव्या रंगात."

"पण सर..."

"आकडा खोटा आहे का? तक्त्यात आहे ना? मग?"

तिने माउस हातात घेतला. बाण माझ्या चौकोनावर आला. माझ्यापाशी एक वाक्य होतं, तेही आता ऐकणारं कोणी नव्हतं.

तिने टिक काढली.

...

आता खरी गंमत ऐका. इथून पुढे मी काय पराक्रम केला ते ऐकून तुमची बोटं तोंडात जातील.

बैठक सुरू झाली. भिंतीवर ते हिरवं शून्य लागलं, ताटाएवढं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हितेशसाहेबांना आनंद मावेना. ते म्हणाले, "आज नवमी आहे. आपण आरती शेडमध्येच करू. तुमच्या हस्ते. खरा कापूर, खरी आरती."

गोपीनाथ दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. "साहेब, शेडमदी इस्तू नाय नेत आपण."

"गोपीनाथ, भिंतीवर काय लिहिलंय? वाचता येतं ना?"

गोपीनाथांनी वाचलं. मान खाली घातली. ज्या माणसाने सकाळी एक उदबत्ती आत नेऊ दिली नव्हती, त्याच्याच हातून तबक आणवलं. कापराच्या वड्यांचा छोटा डोंगर. साहेबांनी अंगणात उभं राहून काडी ओढली. कापूर भडकला. मागे पाहुणे, पुढे साहेब, हातात ज्वाळा, मिरवणूक शेडकडे निघाली. शेडचं शटर जवळजवळ पुरतं खाली. त्याखालून काही दिसत नव्हतं, पण रांगोळीच्या पलीकडे ती वाफ गुडघ्याएवढी साचली होती, वाट बघत. आणि आतून बाबुराव, जड पावलांनी, पाहुण्यांसाठी शटर वर करायला येत होते.

"आणि मृणालताई?" निशिगंधा हळूच विचारते आहे.

मृणालताई? ती... ती तेव्हा तिथे नव्हती. तिचा फोन वाजला होता. ढोलांच्या आवाजातून बाहेर पडून कोणीतरी केला असेल. ती ऐकत होती, मग फोन खुर्चीवर टाकून जिन्यावरून धावत कुठेतरी गेली. तो भाग महत्त्वाचा नाही. महत्त्वाचा मी आहे.

मी पाहिलं, ज्वाळा शटरपासून चार पावलांवर. मी पाहिलं, शटर वर सरकतंय. मग मी काय केलं? मी उसळलो! यादीतून उडी मारली, टिकबिक काही विचारलं नाही! वरच्या खोलीतलं ते हिरवं शून्य फोडलं आणि सगळी भिंत लाल केली. नुसती लाल नाही, खिडकीतून तो लाल उजेड अंगणात पडला, पाहुण्यांच्या पांढऱ्या शर्टांवर पडला, झेंडूवर पडला. आणि मी प्रोजेक्टरच्या तोंडून गर्जना केली, "थांबा!" एमआयडीसीतली कावळ्यांची शाळा उडाली. साहेब जागच्या जागी थिजले. आणि माझ्या नुसत्या आवाजाने, मित्रांनो, तबकातला कापूर आपोआप विझला. रांगोळीवर एक ठिणगीसुद्धा पडली नाही.

मग सगळ्यांना कळलं. शटर उघडलं, पंखा लावला, सांध्याचा नळ बंद केला. बाबुरावांना दोघांनी धरून अंगणात झाडाखाली बसवलं. त्यांना ओकारी झाली, पाणी प्यायले, आणि पहिलं काय विचारलं माहीत आहे? "आकडा किती आहे?" गोपीनाथांनी स्वतःच्या धोतराच्या सोग्याने नाकावरचं गंध पुसलं. त्या घाईत हार तुटला. गंध निघालं आणि नाकाने श्वास घेतला. वर आकडा चढला तो चढतच राहिला. तो मी काढला. लाल.

पुढे कारखाना दुसऱ्याने घेतला, नवे कॉम्प्युटर आले, आणि आम्ही जुने इथे आलो. ताईने रविवारी तुम्हाला शिकवायला सुरुवात केली. बाबुराव संध्याकाळी विहारात येतात, ते तुम्ही पाहताच. ज्याने त्यांना वाचवलं तो मात्र या कोपऱ्यात धूळ खात पडलाय. कोणी विचारत नाही. प्लास्टिकच्या कव्हराखाली उन्हाळे काढले मी.

म्हणून मित्रांनो, जाता जाता एकच मागणं आहे. पडद्यावर एरर आला की लगेच टिक काढू नका. कोण ओरडतंय हे शोधण्याआधी का ओरडतंय ते विचारा. ज्याचा आवाज नकोसा वाटतो, तोच कधी तुमच्या घराचा पहारेकरी असतो. आणि एखाद्याने तुमच्यासाठी जीव पणाला लावला असेल, तर त्याचं श्रेय दुसऱ्याला जाऊ देऊ नका. त्याचं नाव घ्या. मोठ्याने घ्या. घ्या बरं माझं...

"खोटारड्या!" निशिगंधा खुर्चीतून उठली आहे. "टिक काढली की काळोख, तूच म्हणालास. काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. मग ही भिंत लाल कोणी केली? आणि कापूर आपोआप विझला, तर मृणालताईच्या उजव्या तळहातावर तो कापराच्या वडीएवढा भाजल्याचा गोल डाग कसला आहे?"